डॉ. कोटणीसांचा दवाखाना कुणाच्या पैशावर चालायचा?

आज ९ डिसेंबर. भैय्या चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारकात हार घातले जातील, दोन-चार भाषणं होतील, भारत-चीन मैत्रीचा उल्लेख होईल (अलीकडे जरा दबक्या आवाजात) आणि उद्याच्या पेपरात आतल्या पानावर दोन कॉलम फोटो येईल. मी स्वतः ही बातमी इतक्यांदा केली आहे की गेल्या वर्षीच्या मजकुरात नुसती पाहुण्यांची नावं बदलली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. एकदा केलंही आहे तसं. खोटं कशाला बोला.

यंदा बातमी नाही, जरा मोठं लिहितोय. सवडीनं वाचा.

आपल्याकडं बहुतेकांना कोटणीस माहीत आहेत ते व्ही. शांतारामांच्या सिनेमातून. १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. शांताराम स्वतः कोटणीस झाले होते आणि जयश्रीबाई त्यांची चिनी पत्नी. सिनेमा बघून माणूस भारावतो, पण त्यात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या डोंगरातल्या दवाखान्याला पैसे कोण द्यायचं? बँडेज, आयोडीन, भुलीचं औषध कुठून यायचं?

हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. पडला तो मे २०२१ मध्ये. शाळेतला एक मित्र न्यू जर्सीत असतो. एका रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. "अरे, आम्ही पंधरा-वीस जणांनी पैसे जमवलेत. सोलापूरला ऑक्सिजनच्या मशिनी पाठवायच्यात. कुणाच्या नावानं पाठवू ते सांग." मी म्हटलं, थांब, विचारून सांगतो. पैसे जमवायला त्यांना चार दिवस लागले होते. माझं "विचारून सांगतो" संपायला नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांबद्दल पुढं सांगतो. आधी १९३८.

जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर पूर्ण ताकदीनं हल्ला चढवला. जखमींचे ढीग लागले, शहरं सोडून माणसं पळाली, आणि अशा वेळी जे होतं तेच झालं, लढाईपाठोपाठ रोगराई. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी आवाहन केलं, देशभर 'चायना डे' पाळले गेले, डबे फिरले. जमले साधारण २२ हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका. स्वतः गुलामीत असलेल्या देशानं दुसऱ्या देशासाठी वर्गणी काढली. आपल्या सोलापुरात तर १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले चार हुतात्मे, ही जखम तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षांची होती.

पैशाबरोबर पाच डॉक्टर गेले. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदन अटल, ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, वयानं सगळ्यांत वडील. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून बाहेर पडून पुढच्या परीक्षांच्या तयारीला लागलेले. जन्म १० ऑक्टोबर १९१०, म्हणजे बोटीत बसले तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. १७ सप्टेंबरला मंडळी कँटनला पोचली. धक्क्यावर घ्यायला स्वतः सुंग चिंगलिंग आल्या होत्या, चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्सेन यांच्या पत्नी.

आता या बाईंकडं नीट बघा, कारण पैशाचा धागा इथून सुरू होतो. तीनच महिन्यांपूर्वी, जून १९३८ मध्ये, त्यांनी हाँगकाँगला 'चायना डिफेन्स लीग' नावाची संस्था काढली होती. हाँगकाँगलाच का? तिथं ब्रिटिशांचं राज्य, म्हणजे जपानी बॉम्बपासून तूर्त सुरक्षित. तिथं बँका, तिथं बंदर, आणि जगभरात पसरलेल्या चिनी माणसांचा पैसा फिरायचा तो तिथूनच. बाईंना नेमके तेच लोक गाठायचे होते.

परदेशात गेलेल्या चिनी माणसांनी त्या वर्षांत जे केलं तसं फार कमी समाजांनी केलं असेल. सान फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये जून १९३८ मध्ये 'राइस बोल पार्टी' झाली. मिरवणूक निघाली, बायकांनी भलामोठा झेंडा आडवा धरला आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्यात नाणी फेकली. तीन वर्षांनी हाँगकाँगमध्ये लीगनं हीच कल्पना उचलली. तिकीट काढायचं, हॉटेलात जाऊन एकच वाडगा भात खायचा, उरलेले पैसे मदतीला. मलाया-सिंगापूरकडं रबराच्या मळ्यातले, कथलाच्या खाणीतले मजूर, रिक्षा ओढणारे, फेरीवाले, सगळे दरमहा काहीतरी द्यायचे. मूळ गाव सोडून दोन-दोन पिढ्या झाल्या तरी.

आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांना हे समजावून सांगायला नको. तेलंगणातून मागावर काम करायला आलेली ही घरं, सोलापूरची झाली तरी गावचं देऊळ आणि गावचं लगीन त्यांच्या हिशोबाच्या वहीतून कधी सुटलं नाही.

सिंगापूरच्या या सगळ्या वर्गणीचे सूत्रधार टान का की. फुजियान प्रांतातून आलेले, रबराच्या धंद्यात मोठे झालेले व्यापारी. १९२१ मध्ये त्यांनी गावाकडं, शियामेनला, अख्खं विद्यापीठ काढलं होतं. मंदीत १९३४ मध्ये त्यांची कंपनी बंद पडली, तरी शब्दाला वजन तेवढंच. आग्नेय आशियातल्या चिनी मदत समित्यांची मोठी संघटना त्यांच्या अध्यक्षतेखाली सिंगापूरला उभी राहिली, ती तारीख १० ऑक्टोबर १९३८. चिनी प्रजासत्ताकाचा राष्ट्रीय दिवस म्हणून त्यांनी ती निवडली होती. योगायोग असा की त्याच दिवशी चीनमध्ये आपला सोलापूरचा डॉक्टर अठ्ठावीस वर्षांचा झाला.

म्हणजे पैसा होता. भरपूर होता. अडचण पुढं सुरू झाली.

कोटणीस ज्या कँटनला उतरले ते बंदर महिनाभरात, २१ ऑक्टोबरला, जपान्यांनी घेतलं. हाँगकाँगहून माल आत न्यायचा मुख्य रस्ता बंद. मग इंडोचायनातून, तोही १९४० मध्ये बंद. मग ब्रह्मदेशातून डोंगर कापून केलेला बर्मा रोड, तोही १९४० च्या जुलैत ब्रिटिशांनी जपानच्या दबावाखाली तीन महिने बंद ठेवला. आणि त्या रस्त्यावर ट्रक चालवायला माणसंच नव्हती. टान का की यांनी सिंगापुरात आवाहन केलं, पैशाचं नाही, ड्रायव्हरचं आणि मेकॅनिकचं. तीन हजारांहून जास्त जण गेले. दरीत पडून, मलेरियानं, बॉम्बनं त्यातले कित्येक तिथंच गेले. परदेशातल्या चिनी लोकांच्या मदतीचा इतिहास लिहिताना वर्गणीचे आकडे पुढं येतात. मला विचाराल तर हे तीन हजार ड्रायव्हर ही त्यातली सगळ्यांत मोठी देणगी.

आपले पाच डॉक्टर तोवर चुंगकिंगपर्यंत पोचले होते. तिथून येनानला निघायच्या सुमारास कोटणीसांना वडील गेल्याचं कळलं. सोबतचे म्हणाले, परत जा. ते गेले नाहीत. १२ फेब्रुवारी १९३९ ला येनान. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परतले, अटल त्यानंतर, बसू १९४३ मध्ये. कोटणीस १९४० मध्ये आणखी पुढं गेले, जपानी फौजांच्या पिछाडीला, वूताई डोंगराच्या मुलखात.

या मुलखात त्यांच्याआधी एक जण येऊन गेला होता, कॅनडाचा सर्जन नॉर्मन बेथून. न्यूयॉर्कच्या 'चायना एड कौन्सिल' या समितीमार्फत आलेला. बेथूनच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेला पत्रं लिहितो, हिशोब पाठवतो, यादी पाठवतो, उत्तर नाही, पैशाचा पत्ता नाही. १९३९ मध्ये तर त्याचं ठरलं होतं की आता स्वतःच परत जायचं, गावोगाव भाषणं करून दरमहा ठरावीक रक्कम पक्की करायची आणि मगच यायचं. जायच्या आधीच शस्त्रक्रिया करताना बोट कापलं. रबरी हातमोजे नव्हते. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला तो गेला. न्यूयॉर्क आणि हाँगकाँगमध्ये त्याच्या नावानं पैसे जमत होते, आणि इकडं तो हातमोज्यावाचून गेला.

त्याच्या नावाच्या हॉस्पिटलचे पहिले संचालक झाले आपले कोटणीस. जानेवारी १९४१. नाव 'बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय'. ही 'शांतता रुग्णालयं' म्हणजे सुंग चिंगलिंग यांच्या लीगनं जगाकडून मदत मिळवायला पुढं केलेली साखळी. कागदावर तिच्यामागं सान फ्रान्सिस्को होतं, सिंगापूर होतं, लंडन होतं. प्रत्यक्षात काय होतं? हपे प्रांतातल्या खेड्यातली मातीची घरं. जखमी शेतकऱ्यांच्या ओट्यावर निजलेले. दाराच्या फळ्यांचं ऑपरेशन टेबल. वापरलेलं बँडेज धुवायचं, वाळवायचं, पुन्हा बांधायचं. शत्रू आला की अख्खा दवाखाना पाठीवर घेऊन दुसऱ्या गावात. पाटी आंतरराष्ट्रीय, आणि कापूस गावचा.

कारण दुहेरी नाकाबंदी. बाहेरून जपानी. आतून चीनचंच चुंगकिंग सरकार, ज्याला कम्युनिस्टांच्या मुलखात औषधाची पेटीसुद्धा जाऊ द्यायची नव्हती. जानेवारी १९४१ मध्ये, म्हणजे कोटणीस संचालक झाले त्याच महिन्यात, सरकारी फौज आणि कम्युनिस्टांची नवी चौथी सेना यांच्यात मोठी चकमक झाली आणि ही आतली नाकाबंदी आणखी आवळली. माल आला होता, पैसे भरले होते, पेट्यांवर लाल क्रॉस रंगवला होता. नाक्यावर अडकला.

टान का की यांचा एक किस्सा इथं सांगितलाच पाहिजे. १९४० मध्ये ते स्वतः चीनमध्ये आले, आपल्या लोकांनी पाठवलेल्या पैशाचं काय होतं ते बघायला. चुंगकिंग सरकारनं त्यांच्या सरबराईसाठी मोठी रक्कम काढून ठेवली होती. म्हाताऱ्यानं पेपरात निवेदन दिलं की माझ्यासाठी मेजवान्या करू नका, देश लढाईत आहे. मग येनानला गेले. तिथं माओनं साधं जेवण वाढलं. परत गेल्यावर त्यांनी जे पाहिलं ते उघड सांगितलं, आणि चुंगकिंगवाले कायमचे दुखावले. देणगीदारानं जागेवर येऊन बघणं आणि बघितलेलं बोलणं, दोन्ही दुर्मिळ. आजही. आपल्याकडं तर देणगीदार येतो तो फीत कापायला.

तर या परिस्थितीत कोटणीसांनी काय केलं? चिनी भाषा शिकले, चांगली बोलायला आणि लिहायला. दिवसा ऑपरेशन, उरलेल्या वेळात शिकवणं. दवाखान्याला जोडून वैद्यकीय शाळा होती, खेड्यातली पोरं डॉक्टर म्हणून तयार करायची. त्यांच्यासाठी पुस्तक लिहायला घेतलं. मला वाटतं हिशोब त्यांच्या डोक्यात साफ होता: बाहेरून माल येईल न येईल, हाताशी माणूस तयार असला पाहिजे. नोव्हेंबर १९४१ मध्ये तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. परिचर्या शिकवायच्या त्या. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

दरम्यान डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडलं. लीगचं ऑफिस गेलं, उरलासुरला मार्गही गेला. कोटणीसांना अपस्माराचे झटके यायला लागले होते. शस्त्रक्रियेच्या पुस्तकाचं काम चालू असताना ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. श्ज्याच्वांगच्या हुतात्मा स्मशानात बेथूनसमोर त्यांची समाधी आहे. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. चिंगलानबाई जून २०१२ मध्ये गेल्या, आपल्याकडं स्मारक झालं त्याच वर्षी.

आता मे २०२१.

सोलापुरात पहिला रुग्ण सापडला १२ एप्रिल २०२० ला. पहिल्या वर्षी आपण माग बंद, विडी बंद, हातावरचं पोट बंद, असं सगळं बघितलं. त्या वर्षी परदेशातून आलेला पैसा बराचसा किराण्याच्या किटमध्ये गेला, आणि ते सोपं होतं, कारण ज्वारी-तांदूळ इथंच मिळतो आणि वाटणारे हात गल्लीतलेच होते. दुसऱ्या लाटेत मागणी ऑक्सिजनची. सिव्हिलच्या बाहेर रात्री अकराला रिक्षात बसून बेडची वाट बघणारी माणसं ज्यांनी पाहिली ती ते विसरणार नाहीत. अमेरिकेतल्या भारतीय डॉक्टरांची संघटना, सेवा इंटरनॅशनल, अमेरिकन इंडिया फाउंडेशन, अशा मोठ्या संस्थांनी काही दिवसांत लाखो डॉलर उभे केले. १९७८ पासून काम करणारं महाराष्ट्र फाउंडेशन आहे. त्याशिवाय माझ्या मित्रासारखे शेकडो छोटे ग्रुप, व्हॉट्सअपवर जमलेले.

आणि आता गंमत बघा. या मशिनी, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे कॉन्सन्ट्रेटर, मोठ्या प्रमाणात बनतात कुठं? चीनमध्ये. गलवानला जून २०२० मध्ये वीस जवान गेलेले, ॲपवर बंदी आलेली, आणि न्यू जर्सीचा सोलापूरकर डॉलर देऊन चीनमधली मशीन सोलापूरला पाठवू बघतोय. २६ एप्रिल २०२१ ला सिचुआन एअरलाइन्सनं भारताकडं येणारी मालवाहू विमानं पंधरा दिवस थांबवली. बर्मा रोड आठवला मला. तेव्हा डोक्यात नाही आला, खरं सांगायचं तर, नंतर वाचताना आला.

विमान मिळालं तर कस्टम. परदेशातून फुकट वाटायला आलेल्या कोविड साहित्यावरचा आयजीएसटी केंद्रानं ३ मे ला माफ केला. पण त्यासाठी राज्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र पाहिजे आणि घेणारी संस्था मान्यताप्राप्त पाहिजे. लाट शिखरावर, आणि आम्ही प्रमाणपत्राचा नमुना शोधतोय.

खरा नाका होता एफसीआरएचा, परदेशी देणग्यांच्या कायद्याचा. सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे साथ भरात असताना, त्यात दुरुस्ती झाली. आधी पुण्या-मुंबईची नोंदणी असलेली मोठी संस्था परदेशी पैसा घ्यायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला पुढं द्यायची. नोंदणीकृत असली तरी दुसऱ्या संस्थेला पैसा पुढं देणं या दुरुस्तीनं बंद झालं. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर. आणि परदेशी पैसा घ्यायचा तर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. त्याची मुदत मे २०२१ मध्ये वाढवून ३० जूनपर्यंत नेली, कारण साथीत कुणाचं खातंच उघडून होईना.

सरकारचं म्हणणं होतं परदेशी पैशाचा गैरवापर होतो. होतोच. मी या जिल्ह्यात कागदावरचे पाळणाघर प्रकल्प पाहिले आहेत, मला कुणी शिकवू नये. पण २० टक्क्यांच्या मर्यादेत पगार, हिशोब, प्रवास सगळं बसवायचं म्हणजे मशीन विकत घ्या आणि ती चालवणारा माणूस ठेवू नका असं सांगण्यासारखं झालं. १९४१ मधल्या नाकाबंदीशी याची तुलना मी करत नाही, तिथं मुद्दाम मारायचं होतं. इथं कुणाला मारायचं नव्हतं. पेटी मात्र नाक्यावर तशीच अडकली.

मित्राच्या ग्रुपमधली अडचण तर विनोदी होती. ज्यांच्याकडं अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा कायद्यानं 'परदेशी' नाही. ज्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतलं त्यांचा पैसा परदेशी. एकाच शाळेतली पोरं, एकाच बाकावरची, एकाचे हजार डॉलर देशी आणि दुसऱ्याचे विदेशी. त्यांनी ग्रुपच्या खात्यात सगळं एकत्र करून ठेवलेलं. आता कोणता डॉलर कुणाचा, सांगा.

शेवटी एका मोठ्या संस्थेच्या मालाबरोबर पाच मशिनी आल्या. जुलैत. लाट ओसरल्यावर. एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दिल्या, गावाचं नाव लिहीत नाही. मी बातमीला गेलो होतो. फोटो झाले. सगळे गेल्यावर तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, "सर, मशीन चांगली आहे. पण ही पाच लिटरची. एप्रिलमध्ये आमच्याकडच्या पेशंटला पंधरा लिटर लागत होता. आणि लाईट दिवसातून चारदा जाते, फिल्टर कोण बदलणार, ते पण विचारा की तुमच्या दोस्ताला."

मी विचारलं नाही. त्याला फोटो पाठवले.

पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामासाठी तिकडं गेलो तेव्हा स्टोअरमध्ये तीन मशिनी दिसल्या, थर्माकोलसकट, वर जुन्या निवडणुकीच्या मतपेट्यांसारखी धूळ. दोन मात्र जागेवर नव्हत्या. मला वाटलं गेल्या. तर तिथल्या फार्मासिस्टनं एक शंभर पानी वही काढून दाखवली. क्षयरोग बरा झाला पण फुप्फुस कामातून गेलं असे पेशंट, जुने दमेकरी, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्या घरी महिना-महिना मशीन फिरत होती. नाव, गाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, अंगठा. दर रविवारी हा माणूस फिल्टर काढून धुतो, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर स्वतःच्या पैशानं भरतो. मी म्हटलं, बाकीच्या तीन का नाही? म्हणाला, "साहेब, दोनचंच मला झेपतं."

हे मात्र मी मित्राला कळवलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला आपण काही देऊ शकतो का?" सरकारी नोकर, देता येत नाही. फिल्टर आणि पाणी तेवढं देता येतं. ते आता त्याचे वडील, जे इथंच असतात, आपल्या पेन्शनमधून देतात.

जाता जाता एक. त्याच मे २०२१ मध्ये शेजारच्या जिल्ह्यात धाराशिव साखर कारखान्यानं इथेनॉलच्या प्रकल्पात बदल करून ऑक्सिजन काढला. देशातला पहिला कारखाना.  त्याला दिल्लीची शाखा लागली नाही. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची काही कमी नाही.

आता थोड्या वेळानं मी भैय्या चौकात जाणार आहे, नेहमीप्रमाणे. पण एक काम तुम्हालाही सांगतो. २०२० आणि २१ मध्ये आपल्या अकरा तालुक्यांत परदेशातल्या लोकांच्या पैशातून किती मशिनी आल्या, त्यातल्या किती आज चालू आहेत, याची यादी मी करतोय. तुमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, ट्रस्टच्या दवाखान्यात अशी मशीन असेल तर मला कळवा. देणगीदाराचा आणि फीत कापतानाचा फोटो नको. मशीन कुठं ठेवली आहे, शेवटचा फिल्टर कधी बदलला आणि कुणी बदलला, एवढंच लिहा.